रांगेतली तिसरी बाई

जुने फोटो आणा, म्हटलं मी,
असतील तितके.
लामारानं बुटांचा खोका आणला,
सुतळी बांधलेला, पिठाचा वास येणारा.

टेबलावर मांडत गेले एकेक.
लग्नात जुंबेर, दोन्ही डोळे एका रेषेत.
मुलीच्या बाप्तिस्म्याला तेच.
मग द्राक्षांच्या मळ्यात, खांद्यावर टोपली,
डावी पापणी किंचित जास्त उघडी,
कोण आलंय बघायला दार किलकिलं करावं तशी.
मग पासपोर्ट. मग नवा पासपोर्ट.
वर्षाला अर्धा मिलिमीटर, कधी पाऊण,
डोळा खोबणीतून पुढं सरकत होता
आणि त्याच्या मागे हाड जाड होत होतं मुकाट्यानं,
भिंतीला आतून भिंत बांधावी तसं.

जुंबेर म्हणाला, मला वाटलं भट्टीमुळे.
विहिरीसारख्या त्या मातीच्या तोनेत
तो कमरेपर्यंत वाकतो, दिवसाला तीनशे वेळा,
आतल्या भिंतीवर पाव थापतो.
"हल्ली डावा डोळा आधी तापतो, डॉक्टर.
उजव्याला मागाहून कळतं."

खोक्याच्या तळाशी वर्तमानपत्राचं कात्रण.
चुघुरेतीतला बेकर, हात कणकेनं माखलेले, हसतोय.
डावा डोळा तेव्हाच पुढं.
खिडकीबाहेर रांग.
रांगेत तिसरी बाई, हिरवा कोट, मुठीत सुटे पैसे.
कोट माझा.
मी पावाकडे बघत होते.

लोक येरेवानहून येतात माझ्याकडे,
ट्राब्झॉनहून बसनं रात्र काढून येतात,
कवटीच्या तळाशी, डोळ्याच्या मागे काय वाढतंय ते दाखवायला.
आणि अकरा वर्षं, रोज पावणेसातला,
हातभर अंतरावर ते वाढत होतं
माझ्या डोळ्यांदेखत,
आणि मी नाणी मोजत होते.
काणाडोळा म्हणतात तो असा असतो,
दोन्ही डोळे धड आणि उघडे.

हे मी लामाराला सांगितलं नाही.

मंगळवारी नऊ तास.
कानापासून केसांच्या आतून चीर,
कातडी पुढं दुमडली, अभ्रा उलटावा तशी.
खोबणीची बाहेरची भिंत हस्तिदंत झालेली.
ड्रिलखाली पांढरं पीठ.
नार्गिझा पाणी सोडत राहिली, पीठ वाहत राहिलं.
(मला पीठच सुचावं.)
मग अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं आवरण,
त्याआड पिवळी चरबी, नाडीबरोबर हलणारी.
दृष्टीची नस ज्या बोगद्यातून जाते
त्याचं छत कागदाएवढं होईतो घासायचं,
मग कडेनं उचलायचं.
तिथे कुणी बोलत नाही.
भूल देणारा तेंगिझसुद्धा,
जो एरवी फुटबॉलशिवाय श्वास घेत नाही.
नस मोकळी झाली. चपटी, करडी.
मी जरा वेळ तिच्याकडे बघत राहिले.
गरज नव्हती.

सगळं काढलं नाही.
मेंदूची मोठी रक्तवाहिनी आणि डोळा फिरवणाऱ्या नसा
जिथे एकमेकींना चिकटून जातात
तिथे मक्याच्या दाण्याएवढा तुकडा सोडला.
ओढला असता तर डोळा
जागच्या जागी खिळला असता.
जुंबेरला सांगितलं. तो म्हणाला,
"खमिरासारखं. उद्याच्या कणकेसाठी थोडं ठेवतोच की."
नाही जुंबेर, ते तसं नाही.
"माहीत आहे," म्हणाला.

पापणी वांग्यासारखी जांभळी, मग हिरवट, मग पापणीसारखी.
तीन आठवडे त्याला सगळं दुहेरी दिसायचं.
दोन लामारा, म्हणाला, एकीशीच पुरा पडत नव्हतो.

आता दर सहा महिन्यांनी एमआरआय.
आणि पावणेसातला रांग.
खिडकीशी आले की आधी चेहरा बघते,
डावा, उजवा, परत डावा.
मागचे लोक थंडीत पाय आपटतात.
"डॉक्टर," तो म्हणतो,
"पाव घ्या. गार होतोय."